विचलित वर्तन : अभ्यासताना या चुका टाळा

‘विचलित वर्तन’, म्हणजे समाजाच्या अपेक्षा मोडणारं वागणं, हा शब्द उत्तरात आला की बरेच विद्यार्थी लगेच माणसाचे दोष मोजायला घेतात. संस्कार कमी पडले, संगत वाईट लागली, मन दुबळं होतं. इथेच उत्तर समाजशास्त्राच्या हातून निसटतं. नियम मोडणाऱ्याइतकंच त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांकडेही बघायचं असतं. नियम कुणी केला? कुणाला लागू झाला? मोडल्यावर कोण सापडलं आणि कोण सुटलं? हा विषय शिकवताना ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात, त्या इथे एकत्र मांडतो.

विचलन म्हणजे गुन्हा, असं धरून चालणं

गुन्हा कायदा मोडल्याने होतो, विचलन समाजाच्या अपेक्षा मोडल्याने. अंत्यविधीला मोठ्याने हसणाऱ्यावर कुठलंही कलम लागत नाही, पण लोक ते विसरत नाहीत. उलट, रिकाम्या रस्त्यावर वेगमर्यादा थोडी ओलांडणं बेकायदा असूनही कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. उत्तरात दोन्ही बाजूंचं एकेक उदाहरण द्या, म्हणजे फरक आपोआप स्पष्ट होतो.

विचलन कृतीतच शोधणं

रणांगणावर माणूस मारणाऱ्याला पदक मिळतं, गल्लीत मारणाऱ्याला तुरुंग. जीव दोन्हीकडे जातो, अर्थ मात्र प्रसंग ठरवतो. काळही ठरवतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. माणसं तीच होती, बदलली ती यादी.

याचा अर्थ ‘सगळं सापेक्ष, म्हणून काहीच वाईट नाही’ असा घेऊ नका. हिंसेने होणारी इजा खरीच असते. समाजशास्त्रज्ञ एवढंच सांगतो की इजा किती झाली आणि निषेध किती झाला, यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही.

‘सामान्य’ म्हणजे ‘चांगलं’, असं वाचणं

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरखेमने 1895 मध्ये गुन्ह्याला सामान्य म्हटलं, ते गुन्हा प्रत्येक समाजात आढळतो म्हणून. संतांचा मठ कल्पून पाहा, असं तो सुचवतो. तिथे चोरी-मारामारी होणार नाही, पण बारीकशी चूकही घोर अपराध ठरेल. रेषा सरकते, पुसली जात नाही. या विधानाला ‘द्युरखेम गुन्ह्याचं समर्थन करतो’ असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

मर्टनवरून ‘गरिबीमुळे गुन्हे’ असा निष्कर्ष

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा 1938 चा मुद्दा उद्दिष्ट आणि साधनं यांतल्या दरीचा आहे. यशाचं स्वप्न सर्वांना दाखवायचं आणि तिथवर जाण्याची वाट थोड्यांनाच द्यायची, यातून ताण येतो. नुसती गरिबी त्यासाठी पुरत नाही. या ताणाला माणसं देतात असे पाच प्रतिसाद त्याने सांगितले, आणि त्यांतला एक विद्यार्थी हमखास विसरतात : उद्दिष्ट सोडून दिलेला, पण नियम काटेकोर पाळणारा कर्मकांडी माणूस. त्याने कुठलाही कायदा मोडलेला नसतो.

गरिबीचा चष्मा उतरवायचा तर एडविन सदरलँड वाचावा. 1939 मध्ये त्याने पांढरपेशा गुन्हेगारीकडे, म्हणजे प्रतिष्ठित लोक आपल्या कामधंद्यात करतात त्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं आणि पुढे अमेरिकेतल्या 70 मोठ्या कंपन्यांचे नियमभंग तपासले.

शिक्का म्हणजे सर्व काही, किंवा काहीच नाही

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. हॉवर्ड बेकरने 1963 मध्ये सांगितलं की लोक ज्यावर विचलनाचा शिक्का मारतात ते वर्तन विचलित. पण पहिली चोरी मुळात का झाली, हे शिक्क्याच्या या सिद्धांताला विचारू नका. एडविन लेमर्टने 1951 मध्येच भेद केला होता : आधीचं, अधूनमधून घडलेलं प्राथमिक विचलन वेगळं, आणि ‘चोर’ ही ओळख चिकटल्यावर त्याच ओळखीभोवती जगणं, हे दुय्यम विचलन वेगळं. सिद्धांताचं बळ या दुसऱ्या टप्प्यात आहे.

विल्यम चँब्लिसने 1973 मध्ये मांडलेला अभ्यास याबाबत मला फार मोलाचा वाटतो. एकाच शाळेतल्या मुलांच्या दोन टोळ्या. आठ मुलं सुस्थित घरांतली, सहा गरीब घरांतली. शाळा बुडवणं, दारू, मोडतोड दोन्हीकडे होतं. पण सुस्थितांकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जात आणि पकडले गेलेच तर नम्रपणे माफी मागत. गरीब मुलं भरचौकात उभी असत, पोलिसांशी उद्धटपणे वागत. नाव खराब झालं ते त्यांचंच. पुढे आठांपैकी एक सोडून सगळे कॉलेजात गेले. सहांपैकी दोघे खुनासाठी तुरुंगात गेले. मात्र आणखी दोघांना खेळाच्या शिष्यवृत्तीने वेगळी वाट मिळाली, हेही लिहा. शिक्का वजनदार असतो, पण तो विधिलिखित नव्हे.

सिद्धांतांची कुस्ती लावणं

‘कोणता सिद्धांत बरोबर?’ हा प्रश्न बहुतेकदा चुकतो, कारण प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. ताण कुठून येतो, हे मर्टन पाहतो. वर्तन शिकलं कसं जातं, हे सदरलँड. ट्रॅव्हिस हर्शी 1969 मध्ये उलटंच विचारतो : बहुतेक लोक नियम पाळतात ते का?

नोंदींना वास्तव समजणं

पोलिसांच्या आकड्यांत एखादा समूह जास्त दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी गस्त कुठे जास्त असते, तक्रार कोण करतं आणि कुणाची नोंदवली जाते, हे पाहा. चँब्लिसची ती आठ मुलं अशा कुठल्याच तक्त्यात सापडली नसती. त्याने पाहिलं त्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही अटक झाली नव्हती.