ट्रोलिंग मोटरच्या विजेबाबत या चुका टाळा

दर हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात बोट उतरवणाऱ्या पुण्यातील ओळखीच्या मंडळींचे मला फोन येतात. तक्रार बहुधा एकच असते: ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट ढकलणारी बॅटरीवरची छोटी मोटर, मंद चालते किंवा पाण्याच्या मधोमध बंद पडते. बॅटरी तपासली का, असे विचारले की उत्तर येते, "मल्टिमीटर १२.६ दाखवतोय, म्हणजे मोटरच जळली असणार."

मोटर बंद ठेवून मोजलेल्या व्होल्टेजवर विसंबणे ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रवाह वाहत नसताना खराब जोडही मीटरला निर्दोष दिसतो. तारेचे दोन-चार धागे शाबूत असले तरी टोकाशी पूर्ण १२.६ व्होल्ट मिळतात. मोटर ३०-४० अँपिअर ओढू लागली की मगच तो जोड व्होल्टेज खाऊ लागतो.

कोथरूडच्या एका मित्राने याच समजुतीपायी आधी नवी बॅटरी आणली आणि तरीही फरक पडला नाही म्हणून मोटर उघडून तिचे कार्बन ब्रशही बदलून घेतले. शेवटी आम्ही बोट काठाला दोराने घट्ट बांधली, पंखा पाण्यात ठेवून मोटर पूर्ण वेगाने चालवली आणि मोजायला बसलो. बॅटरीच्या खुंट्यांवर १२.१ व्होल्ट होते, मोटरच्या टोकाशी मात्र ९. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खुंटीवर धरून दुसरी त्याच तारेवर पुढे पुढे सरकवत नेली. लगपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीपाशी, ०.०५, ब्रेकरच्या पलीकडे ०.१ आणि काळ्या टेपने गुंडाळलेल्या एका जोडाच्या पलीकडे एकदम २.९! मोटर बंद करून जोडाला हात लावला, तर तो चांगलाच तापला होता. टेप सोलल्यावर आत हिरवी भुकटी निघाली आणि हाताने पीळ दिलेल्या तारेचे मोजके धागेच काय ते धरून होते. तो भाग कापून कल्हई केलेला जोड क्रिम्प केला, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवला, त्यावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली आणि मोटर पहिल्यासारखी पळू लागली. हे सामान तपकीर गल्लीत सहज मिळते आणि नव्या बॅटरीच्या मानाने त्याचा खर्च नगण्य असतो. पीळ देऊन टेप गुंडाळणे हा पाण्यावर चालणारा उपाय नाही, हे नवशिक्यांना पटवून देताना मी दरवेळी कळवळून बोलतो, कारण त्या पाच मिनिटांच्या घाईने माणूस काठापासून लांब अडकून पडतो.

दुसरी माझ्या मनाला लागलेली चूक तारेच्या जाडीची. बॅटरी मागे आणि मोटर पुढे असली की घरातली उरलेली अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर वापरण्याचा मोह होतो. अंतर पाच मीटर असले तरी प्रवाह जाऊन परत येतो, म्हणजे तार दहा मीटर धरावी लागते. तेवढ्या तांब्याच्या तारेत ४० अँपिअरला सुमारे तीन व्होल्ट गळतात आणि शंभर वॉटहून अधिक उष्णता तारेतच निर्माण होते. सोळा एमएमची तार वापरल्यास ही घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. मी सोळापेक्षा बारीक तार बोटीवर चढवतच नाही.

घरच्या वितरण पेटीतला एसी एमसीबी बोटीवर बसवू नये. मोटरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा डीसी ब्रेकर धन तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. तो वारंवार पडत असेल तर मोठा ब्रेकर बसवण्याआधी पंख्याकडे पाहावे. जलपर्णीची मुळे किंवा तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळली गेली की मोटर जास्त प्रवाह ओढते. हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढलीच पाहिजे.

ठरावीक पायऱ्यांच्या वेगाची मोटर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर बॅटरीवर संशय घेऊ नये. बहुधा स्पीड कॉइल, म्हणजे खालच्या वेगांसाठी प्रवाह कमी करणारी तारेची गुंडाळी, जळलेली असते किंवा वेगाचा स्विच बिघडलेला असतो.

गाडीची बॅटरी या कामाची नाही, कारण तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात आणि वारंवार खोलवर उतरवल्यास लवकर निकामी होतात. २४ व्होल्टसाठी जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये. जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही खराब करते.

लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडू देणेही तितकेच वाईट, कारण प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जाते. भिगवणहून परतायला कितीही रात्र झाली तरी मी बॅटरी चार्जरला लावल्याशिवाय जेवायला बसत नाही.