अकरावीला द्विलक्षी विषय निवडताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मुलांना ‘बायफोकल घे, मार्क पडतात’ असा सल्ला हमखास मिळतो. बायफोकल म्हणजेच द्विलक्षी, नेहमीच्या अभ्यासासोबत व्यवसायाचे कौशल्य शिकवणारा विषय. मार्क पडतात हे खरे. परंतु या विषयामुळे काय मिळते यापेक्षा काय सुटते, ते आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो. त्यात ५० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि १०० गुणांचे प्रात्यक्षिक असून, तो दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्या जागी घेतला जातो. म्हणजेच इंग्रजी, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र ठेवल्यावर गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच हाती उरते. अभियांत्रिकीला जायचे असल्यास गणित ठेवून इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र घ्यावे. वैद्यकीय शाखा किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय मनात असल्यास जीवशास्त्र सोडू नये. मराठी सुटते याची मला खंत वाटते. ती उणीव वाचनाने भरून काढावी.

सर्व विषय सर्वच कनिष्ठ महाविद्यालयांत नसतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तेथे जाऊन प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी, यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत, हे विचारावे.

आपल्या किनाऱ्यावर मत्स्यप्रक्रिया हा विषय मला विशेष मोलाचा वाटतो. बांगडा हाती घेतल्यावर डोळे फुगीर व स्वच्छ आहेत का, कल्ले लालभडक आहेत का, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते का, हे बंदरावरच्या बायका क्षणात ओळखतात. विद्यार्थ्याने तेच निरीक्षण नेमक्या शब्दांत नोंदवायचे असते. मासळी आणि बर्फ यांचे थर आलटून पालटून का लावायचे, बांगडा तासभर उन्हात राहिल्यास त्यात हिस्टामीन (खाणाऱ्याला ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य) का वाढते आणि नंतर शिजवूनही ते का जात नाही, याची कारणे ज्याला सांगता येतात, तो तोंडी परीक्षेत अडखळत नाही.

जर्नल मात्र त्याच आठवड्यात लिहून शिक्षकांची सही घ्यावी, कारण फेब्रुवारीत एकदम उतरवलेली वही परीक्षकाला पहिल्याच प्रश्नात कळते. मे महिन्याच्या सुट्टीत प्रक्रिया कारखान्यात किंवा दुरुस्तीच्या दुकानात काही दिवस काम पाहता येईल का, हे घरच्यांमार्फत आधीच विचारून ठेवावे.