मनोविकारावरील औषधांमुळे स्नायूंचा त्रास झाल्यास काय करावे

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकारासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांमुळे काही रुग्णांची मान वाकडी होते, हातांना कंप सुटतो किंवा त्यांना एका जागी बसवत नाही. ही औषधे मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे कार्य रोखतात. त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. परंतु हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागालाही डोपामाइनच लागत असल्याने तेथे बिघाड होतो. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांत हा धोका जास्त असतो, रिस्पेरिडोनमध्ये तो मात्रेबरोबर वाढतो, तर क्वेटियापिन आणि क्लोझापिनमध्ये बराच कमी असतो.

त्रास ओळखताना औषध सुरू केल्याची किंवा मात्रा वाढवल्याची तारीख आधी पाहावी. पहिल्या काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत मान एका बाजूला ओढली गेली, जबडा आवळला किंवा डोळे वर चढून तेथेच राहिले, तर तो डिस्टोनिया समजावा. पाहणाऱ्याला धडकी भरते खरी, परंतु प्रोमेथाझिनसारख्या औषधाचे इंजेक्शन दिल्यावर तो सहसा लवकर उतरतो. मात्र गिळता येत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

सर्वाधिक गफलत होते ती अकॅथिसियाबाबत, म्हणजे एका जागी स्वस्थ बसवत नाही अशा त्रासाबाबत. रुग्ण खुर्चीत बसतो, लगेच उठतो, उभा राहिला तरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहतो आणि ‘आतून कसेतरी होते’ एवढेच सांगतो. घरच्यांना वाटते की आजार बळावला; तसे डॉक्टरांना सांगितले गेले, तर मात्रा वाढण्याची आणि त्यामुळे हाच त्रास दुणावण्याची शक्यता असते. म्हणून ‘बेचैनी मनात आहे की पायांत?’ असे रुग्णालाच विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना कळवावे. यावर मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रानोलॉल देणे असे उपाय आहेत, मात्र दमा असल्यास प्रोप्रानोलॉल चालत नाही, हे आवर्जून सांगावे. अकॅथिसिया असह्य झाल्यास आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अशा वेळी रुग्णाला एकटे न सोडता तातडीने मदत घ्यावी.

काही आठवड्यांनी चाल मंदावणे, चालताना हात न हलणे, चेहरा निर्विकार होणे ही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू लागतात. या त्रासात अक्षरही बारीक होत जाते; दर आठवड्याला एकच ओळ रुग्णाकडून वहीत तारखेसह लिहून घेतल्यास ते सहज कळते. यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल वृद्धांमध्ये गोंधळलेपणा आणि लघवीची अडचण निर्माण करू शकते, त्यामुळे ते मनाने सुरू ठेवू नये. अनेक महिने किंवा वर्षांनी ओठ चघळल्यासारखे हलू लागले किंवा जीभ वळवळू लागली, तर तो टार्डिव्ह डिस्किनेसिया असू शकतो. तो कायमचा राहू शकत असल्याने पुढील तपासणीची वाट पाहू नये. त्यावर 2017 पासून व्हॅल्बेनाझिनसारखी औषधे वापरात आहेत.

यांपैकी कोणत्याही कारणाने गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण मूळ आजार उलटण्याची भीती असते. अपवाद एकच: अंग लाकडासारखे ताठरणे, तीव्र ताप, दरदरून घाम आणि शुद्ध हरपत जाणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास पुढची मात्रा न देता रुग्णाला थेट आपत्कालीन विभागात न्यावे आणि सर्व औषधांची पाकिटे सोबत घ्यावीत, दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दिले असेल, तर त्याची तारीखही तेथे सांगावी.