पावसाळ्याआधी एनबीडी-सर्व्हर अपडेट करताना

नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एनबीडी, या व्यवस्थेत एका यंत्रावरील डिस्क किंवा मोठी फाइल जाळ्यावरील दुसऱ्या यंत्राला स्वतःचीच डिस्क असल्यासारखी वापरता येते; डिस्क देणारा तो सर्व्हर आणि वापरणारा तो क्लायंट. फोंड्यातील आमच्या छोट्या कार्यालयात भजनी मंडळांची जुनी ध्वनिमुद्रणे याच मार्गाने साठवली जातात. गोव्यात जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून सर्व्हरचे अपडेट आणि त्याच्या कॉन्फिग फाइलची, म्हणजे सर्व्हरचे पर्याय लिहिलेल्या फाइलची, उजळणी मे महिन्यातच उरकावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील कृती लिनक्सवर चालणाऱ्या एनबीडी-सर्व्हरसाठी आहे.

प्रथम आपली आवृत्ती पाहावी. ३.२४ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये दोन गंभीर दोष होते आणि ते २०२२ मध्ये दुरुस्त झाले. जोडणीच्या सुरुवातीला क्लायंट आपल्याला हव्या असलेल्या एक्सपोर्टचे, म्हणजे सर्व्हरने वापरायला दिलेल्या डिस्कचे किंवा फाइलचे, नाव पाठवतो आणि त्याआधी त्या नावाची लांबी कळवतो. ही लांबी चार बाइटांत मावणारी सर्वात मोठी संख्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ असल्यास, हिशेब शून्यावर येऊन सर्व्हर शून्य आकाराची जागा राखून ठेवत असे आणि पुढचे लेखन भलत्याच ठिकाणी होत असे. दुसऱ्या दोषात, अवास्तव लांबीचे नाव आले की स्टॅकमधील, म्हणजे प्रक्रियेच्या तात्पुरत्या मेमरीतील, राखीव जागा ओलांडली जात असे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: कोणत्या पत्त्यांना प्रवेश द्यायचा ती यादी, म्हणजे ऑथफाइल, प्रत्येक एक्सपोर्टसाठी स्वतंत्र असते, आणि हा घोटाळा मात्र एक्सपोर्ट ठरण्यापूर्वीच होतो. त्यामुळे ‘आमच्याकडे यादी आहे’ या समाधानावर अपडेट पुढे ढकलू नये.

डेबियनसारख्या वितरणांत सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवली जाते. म्हणून केवळ ३.२४ हा आकडा दिसला नाही एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पॅकेजचा बदलनामा उघडून त्यात सीव्हीई-२०२२-२६४९५ आणि सीव्हीई-२०२२-२६४९६ हे या दोषांचे दोन ओळख-क्रमांक नोंदले आहेत का ते पाहावे.

त्यानंतर कॉन्फिग फाइलची प्रत काढून ठेवावी आणि मूळ फाइल ओळीओळीने वाचावी. सामाईक विभागात लिसनॲड्रेस दिलेला नसेल, तर सर्व्हर यंत्राच्या सर्व पत्त्यांवर १०८०९ या पोर्टवर ऐकत राहतो; तेथे कार्यालयातील अंतर्गत जाळ्याचाच पत्ता घालावा. अलाउलिस्ट हा पर्याय अनेकांची फसगत करतो, कारण नावावरून ती परवानगीची यादी वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘एक्सपोर्टांची यादी मागणाऱ्याला ती दाखवावी’ एवढाच आहे, आणि तपासणी संपल्यावर तो बंद ठेवणे बरे. ज्या साठ्यात आता भर पडायची नाही, त्याला रीडओन्ली लावावे. दोन यंत्रांनी एकच साधी फाइलप्रणाली एकाच वेळी लिहिण्यासाठी जोडली तर ती हमखास बिघडते. हे कोणत्याही नव्या आवृत्तीने बदललेले नाही.

सर्वाधिक लक्ष मात्र फ्लश (मेमरीतील मजकूर डिस्कवर उतरवण्याची सूचना) आणि एफयूए (ते एक लेखन डिस्कवर उतरल्यावरच पूर्ण मानण्याची सूचना) या दोन पर्यायांकडे द्यावे. हे दोन्ही प्रत्येक एक्सपोर्टच्या विभागात स्वतः लिहून चालू करावे लागतात. ते चालू नसतील, तर सर्व्हर क्लायंटला ‘मला फ्लश पाठव’ असे सांगतच नाही. परिणामी क्लायंटवर सिंक ही ‘सर्व मजकूर डिस्कवर उतरव’ असे सांगणारी आज्ञा यशस्वी झाल्याचे दिसते, परंतु मजकूर सर्व्हरच्या मेमरीतच पडून असतो. लिनक्स असा मजकूर सर्वसाधारण मांडणीत सुमारे ३० सेकंद जुना झाल्यावर डिस्कवर उतरवते, आणि तेवढ्या अवधीत वीज गेली तर तो मजकूर गेला. एका पावसाळी दुपारी आमच्याकडे नेमके हेच घडले. एका अभंगाचे ध्वनिमुद्रण उतरवून झाले, पडद्यावर शंभर टक्के दिसले, सहकाऱ्याने ध्वनिफीत डब्यात परत ठेवली आणि त्याच क्षणी वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर फाइलचे नाव जागेवर होते, पण तिचा आकार शून्य होता. ध्वनिफीत शाबूत होती म्हणून काम पुन्हा करता आले. ती तुटलेली असती तर तो आवाज कायमचा गेला असता. तेव्हापासून कोणत्याही अपडेटनंतर मी सर्वात आधी या दोन ओळी तपासतो.

ओळी लिहिल्या म्हणजे काम झाले असे मानू नये. ते डोळ्यांनी पाहावे. सर्व्हरवर एक जीबीची रिकामी फाइल तयार करून तिचा वेगळा एक्सपोर्ट करावा, क्लायंटवर तो जोडून त्यात छोटी फाइल लिहावी आणि सिंक द्यावे. त्याच वेळी सर्व्हरवर त्या जोडणीच्या प्रक्रियेला एसट्रेस, म्हणजे प्रक्रिया लिनक्सकडे काय मागते ते दाखवणारे साधन, लावून ठेवावा. सिंक देताच तेथे एफसिंकची, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवण्याच्या मागणीची, नोंद उमटली, तर फ्लश खरोखर पोहोचतो आहे. नोंद उमटली नाही, तर पुढे जाऊ नये. खऱ्या साठ्यावर एखादा प्रयोग करायचाच असेल तर कॉपीऑनराइट वापरावे: मग लिहिलेले सर्व डिफ या शेपटाच्या वेगळ्या फाइलीत जाते आणि जोडणी तुटली की टाकून दिले जाते. अर्थात, नेहमीच्या कामात ते चालू राहिले तर दिवसभराची मेहनत वाया जाईल, म्हणून प्रयोग संपताच ती ओळ पुसावी.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी क्लायंटवरील फाइलप्रणाली अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी, एनबीडी-क्लायंटला डॅश डी देऊन जोडणी सोडवावी आणि मगच सर्व्हर थांबवून नवे पॅकेज बसवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एनबीडी-सर्व्हर प्रत्येक क्लायंटसाठी स्वतंत्र उपप्रक्रिया काढतो आणि आधीपासून जोडलेल्या क्लायंटची उपप्रक्रिया जुनाच कोड चालवत राहू शकते. प्रक्रियांच्या यादीत एनबीडी-सर्व्हर उरलेला दिसला, तर प्रोक निर्देशिकेतील (चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या) त्याचा एक्झी दुवा, म्हणजे ती कोणत्या फाइलीवरून चालते ते सांगणारा दुवा, पाहावा. त्यापुढे ‘डिलीटेड’ असे असेल तर ती प्रक्रिया बदललेल्या जुन्या फाइलीचीच आहे. याच कारणाने केवळ हँगअपचा संकेत पाठवण्यावर विसंबू नये: त्याने कॉन्फिग पुन्हा वाचली जाऊन नवे एक्सपोर्ट जोडले जातात, मात्र कोड बदलत नाही.

सर्व्हर सुरू झाल्यावर क्लायंट जोडावा, पण लगेच माउंट करू नये. आधी एफएससीके या फाइलप्रणाली तपासणाऱ्या आज्ञेने, डॅश एन पर्यायाने, म्हणजे काहीही न बदलता, तपासणी करावी. ती निर्दोष ठरली तर माउंट करून एक जुने ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकावे. काही बिनसले आणि जुन्या पॅकेजवर परतावे लागले, तर त्याबरोबर जुने दोषही परत येतात. म्हणून तशा वेळी फायरवॉलमध्ये १०८०९ हे पोर्ट त्या एका क्लायंटखेरीज सर्वांना बंद करावे, आणि मगच जुना सर्व्हर चालू करावा.