क्लाउडफ्रंट ४०३ देतंय? एसथ्रीच्या एन्क्रिप्शन चावीची परवानगी अशी द्या

एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत फाइल्स एसथ्रीच्या बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात राहतात आणि क्लाउडफ्रंट त्या ब्राउझरपर्यंत पोचवतं. बकेट पॉलिसी (परवानग्यांचे नियम) बरोबर आहे, डिस्ट्रिब्युशन (क्लाउडफ्रंटवरची तुमच्या साइटची मांडणी) चालू आहे, फाइल बकेटमध्ये डोळ्यांसमोर दिसतेय आणि ब्राउझरमध्ये मात्र अ‍ॅक्सेस डिनाइड, म्हणजेच ४०३. अशा वेळी बऱ्याचदा घोडं एन्क्रिप्शनच्या चावीपाशी पेंड खात असतं. मला हे एका दिवाळी अंकाच्या साइटवर भेटलं, जुने फोटो व्यवस्थित यायचे आणि नवीन टाकलेल्या प्रत्येक फोटोला ४०३, मी दोन रात्री बकेट पॉलिसीच वाचत बसलो. झालं असं होतं की मधे कुणीतरी बकेटचं डिफॉल्ट एन्क्रिप्शन बदलून केएमएस (एडब्ल्यूएसची चाव्या सांभाळणारी वेगळी सेवा) केलं होतं आणि तो बदल फक्त नंतर येणाऱ्या फाइल्सना लागू होतो.

५ जानेवारी २०२३ पासून एसथ्री प्रत्येक नवीन फाइल आपोआप एन्क्रिप्ट करतं, पण त्या साध्या प्रकारात चावी एसथ्री स्वतःच सांभाळतं, आपल्याला वेगळी परवानगी द्यावी लागत नाही. केएमएसमध्ये चावीची स्वतःची पॉलिसी असते. खोलीत यायला दिलं म्हणून आतली तिजोरी उघडत नाही ना, तसंच.

तर आधी बघा फाइल कुठल्या प्रकारात आहे. बकेटचं सेटिंग नको, जी फाइल अडतेय तीच उघडा, प्रॉपर्टीजमध्ये एन्क्रिप्शन बघा. एसएसई-एसथ्री, म्हणजे वरचा साधा प्रकार दिसला तर चावीचा प्रश्नच नाही, कारण दुसरीकडे शोधा (फाइलचं नाव तपासा आधी, लिस्टची परवानगी नसेल तर नसलेल्या फाइललाही एसथ्री ४०४ (फाइल सापडली नाही) ऐवजी ४०३ देतं). एसएसई-केएमएस दिसलं तर कुठली की (चावी) आहे ते बघा. एडब्ल्यूएसने स्वतः बनवलेली एसथ्रीची मॅनेज्ड की असेल तर तिची पॉलिसी आपल्याला बदलताच येत नाही, मग क्लाउडफ्रंटला परवानगी द्यायची तरी कशी! त्यामुळे स्वतःची कस्टमर मॅनेज्ड की बनवा, सिमेट्रिक (बंद करायला आणि उघडायला एकच चावी), आणि बकेट ज्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरच्या ठिकाणी) तिथेच, म्हणजे बकेट मुंबईत असेल तर कीसुद्धा मुंबईतच. एका कीला महिन्याला १ डॉलर पडतो, रिक्वेस्टचे पैसे वेगळे.

दुसरं, डिस्ट्रिब्युशन जुन्या ओरिजिन अ‍ॅक्सेस आयडेंटिटीवर (क्लाउडफ्रंटला बकेटमध्ये शिरू देण्याची जुनी पद्धत) असेल तर ते सोडा, त्याला केएमएस झेपत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं ओरिजिन अ‍ॅक्सेस कंट्रोल घ्या, साइन रिक्वेस्ट चालू ठेवा. ओरिजिन (क्लाउडफ्रंट जिथून फाइल आणतं ती जागा) म्हणून बकेटचा नेहमीचा पत्ता हवा, वेबसाइट होस्टिंगवाला चालणार नाही. बकेट पॉलिसीचा मजकूर कन्सोलच बनवून देतो, चावीचं मात्र आपल्यालाच बघायचंय.

आता मुख्य काम. केएमएसमध्ये की उघडा, की पॉलिसी एडिट करा. आधीपासून एक स्टेटमेंट असेल ज्यात तुमच्या अकाउंटचं रूट आहे, त्याला अजिबात हात लावू नका, ते उडवलं तर स्वतःचीच चावी स्वतःला उघडता येणार नाही अशी वेळ येऊ शकते. त्याच्याखाली स्वल्पविराम देऊन नवीन स्टेटमेंट टाका. इफेक्ट अलाउ, प्रिन्सिपलमध्ये (परवानगी कुणाला) क्लाउडफ्रंटची सर्व्हिस, अ‍ॅक्शनमध्ये केएमएस डिक्रिप्ट. फक्त फाइल्स दाखवायच्या असतील तर डिक्रिप्ट पुरतं, क्लाउडफ्रंटमधून अपलोडही घेणार असाल तरच एन्क्रिप्ट आणि जनरेट डेटा की द्या. रिसोर्समध्ये चांदणी बघून घाबरू नका, की पॉलिसीत तिचा अर्थ फक्त हीच की.

आणि कंडिशन, कृपा करून ही गाळू नका. क्लाउडफ्रंट ही सर्व्हिस जगभरातल्या सगळ्या अकाउंटसाठी एकच आहे, नुसतं तिचं नाव लिहून सोडलं तर तुम्ही फक्त तुमच्या डिस्ट्रिब्युशनला परवानगी दिली असं होत नाही. म्हणून स्ट्रिंग इक्वल्समध्ये सोर्स एआरएन (एआरएन म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या प्रत्येक गोष्टीचं पूर्ण नाव) आणि समोर तुमच्या डिस्ट्रिब्युशनचा पूर्ण एआरएन, तो कॉपीच करा. हाताने लिहिताना लोक त्यात मुंबई रीजन घुसवतात, पण क्लाउडफ्रंट ग्लोबल असल्यामुळे तिथे रीजनची जागा रिकामीच असते, दोन कोलन शेजारी-शेजारी आणि मग १२ आकडी अकाउंट नंबर.

जुन्या फाइल्स नवीन कीवर आणायच्या असतील तर त्या त्यांच्यावरच परत कॉपी करता येतात. त्याआधी बकेट की हा पर्याय चालू करा, केएमएसच्या रिक्वेस्ट ९९ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात आणि बिलात तो फरक दिसतो.

टेस्ट करताना कॅशेचं (क्लाउडफ्रंटने ठेवलेल्या प्रतींचं) भान ठेवा. आधी कधी उघडलेली फाइल परत उघडून बघण्यात अर्थ नाही, ती एजवरून, म्हणजे क्लाउडफ्रंटच्या वाचकाजवळच्या सर्व्हरवरून येते, डिफॉल्ट सेटिंगमध्ये आणि फाइलला स्वतःचं कॅशे हेडर नसेल तर २४ तास. एररही डिफॉल्ट १० सेकंद कॅशे होते. एकदम नवीन फाइल टाका, ती उघडा आणि एक्स-कॅशे हेडरमध्ये मिस (एजवर प्रत नव्हती) आलंय का बघा, मिस येऊन फाइल दिसली तरच परवानगी खरंच चालली. नाही दिसली तर क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसची नोंदवही) डिक्रिप्टच्या नोंदी शोधा, नकार कुणाला मिळाला ते तिथे कळतं.

हेच उलट्या बाजूनेही होतं. एखादी खाजगी फाइल चुकून बाहेर गेली म्हणून तुम्ही घाईघाईने की बंद केली तरी एजवरची प्रत दिसतच राहते, कारण ती द्यायला क्लाउडफ्रंटला तुमच्या चावीची गरज नसते. अशा वेळी इनव्हॅलिडेशन (एजवरच्या प्रती बाद करणं) पण करायचं, महिन्याला पहिले १००० पाथ फुकट आहेत. आणि की फक्त डिसेबल करा, डिलीट नको, कारण डिलीटला ७ ते ३० दिवसांची वाट असते आणि ती संपली की त्या कीने बंद केलेली एकही फाइल परत उघडत नाही.