कविता चार आवाजांत बांधण्याआधी

कोरससाठी आधुनिक कविता स्वरबद्ध करू पाहणारे नवे लोक मला बहुतेक वेळा हार्मनीबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचे सूर एकत्र जुळवण्याबद्दल, विचारतात. हार्मनी सरावाने येते, तिची धास्ती घेऊ नका. आधी एवढंच बघा की कवितेचे हक्क कोणाकडे आहेत.

मी ते बघितलं नव्हतं. एका आवडत्या मराठी कवितेवर चार महिने खपून साडेसहा मिनिटांची रचना केली. प्रकाशकाकडच्या कोणीतरी फोनवर "हरकत नसावी" म्हटलं, त्यावर विसंबून तालमीही सुरू केल्या. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना वारसांचा नकार आला. चूक त्यांची नव्हती. पत्रच मी फार उशिरा पाठवलं होतं.

म्हणून हे नीट समजून घ्या. भारतात कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. केशवसुत, बालकवी या हक्कांतून मोकळे आहेत. मर्ढेकर 1956 साली गेले, म्हणजे 2017 पासून तेही. पण भारतात मोकळी झालेली कविता अमेरिकेत मोकळी असेलच असं नाही, तेव्हा तिकडच्या मराठी मंडळींनी वेगळी चौकशी करावी. जर्मन भाषेतला कवी रिल्के 1926 साली गेला, तरी त्याच्या अलीकडच्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतोच. प्रकाशक हाच हक्कदार असतो असंही नाही. वारस अनेक असू शकतात. परवानगी लेखीच घ्या. तिच्यात चाल लावणं, स्वरलिपीच्या प्रती काढणं, जाहीर गायन आणि ध्वनिमुद्रण, चारही गोष्टींचा वेगवेगळा उल्लेख हवा. फोनवरचा होकार म्हणजे होकार नव्हे.

हे मोठमोठ्यांनाही भोवलंय. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकरने कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फाळ संध्याकाळच्या कवितेवर कोरस लिहिला आणि हक्कदारांनी परवानगी नाकारली. मग चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या त्याच्या कवीमित्राने त्याच सुरांवर बसणारे नवे शब्द लिहिले. तीच आजची 'स्लीप'. फ्रॉस्टची मूळ कविता 1923 ची. अमेरिकेत ती 2019 मध्ये मोकळी झाली.

मीही तोच मार्ग धरून पाहिला. मैत्रिणीने त्याच वृत्तात शब्द लिहून दिले, मात्रा चोख जुळल्या. पण सोप्रानोच्या (बायकांचा वरचा आवाज) सगळ्यात वरच्या, लांबलेल्या सुरावर मूळ कवितेत 'आ' होता, तिथे 'ई' आली आणि सगळ्यांचे गळे आवळले. संगणकावर ऐकताना मला हे कळलंच नव्हतं, कारण संगणक शब्द गात नाही, नुसते सूर वाजवतो. त्या प्लेबॅकवर विसंबून रचना पुरी करण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. गुरूही असा शोधा, जो कधीतरी स्वतः आल्टोच्या (बायकांचा खालचा आवाज) किंवा बासच्या (पुरुषांचा खालचा आवाज) रांगेत उभा राहून गायलाय. कार्यक्रम त्या रचनेविनाच झाला, आणि पुढचे काही महिने मी पियानोला हात लावला नाही.

तुमच्यावर ही वेळ यायचं कारण नाही. सुरुवात बालकवींच्या 'औदुंबर'ने करा: आठच ओळी, आणि प्रत्येक ओळीत चित्र. कोरसला थोडे शब्द पुरतात, कारण चार आवाज ते पुन्हा पुन्हा घोळवतात. माझंही सध्या त्यावरच काम चालू आहे.

जुनी रचना मी फाडलेली नाही. वारसांना परत पत्र लिहिलंय, या वेळी स्वरलिपी सोबत जोडून. कार्यक्रमाची तारीख मात्र अजून ठरवलेली नाही.