दापोलीत दोन दिवस: डोंगर, समुद्र आणि जुना लाव्हा

माझं सासर दापोलीचं, त्यामुळे पाहुण्यांचा बेत मीच आखते. कोकण रेल्वेने खेडला उतरा, पुढे एसटी. पहिल्या दिवशी दगदग नको. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघा. बोली कळली नाही तरी चालेल, पण टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नका, त्या बायकांचं पोट त्यावर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पावसाळ्यात मात्र होडीचा नाद सोडा.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून पन्हाळेकाजी गाठा. कोटजाई नदीकाठी 29 लेणी आहेत, आणि ती ज्या काळ्या दगडात कोरली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा! विजेरी घ्या. नाथपंथी शिल्पं निवांत बघा. कोरीवकामाला हात लावू नका, ते झिजतं.

मग उन्हवरे. गरम पाण्याचं कुंड बघून पाहुणे हमखास विचारतात, खाली ज्वालामुखी आहे का? नाही हो. पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि वर येतं. आधी अंदाज घेऊनच उतरा, मुलांना एकटं सोडू नका.

वेळ उरला तर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. गाडी वरपर्यंत जाते.